अंडं काढलंत, गोळी तीच ठेवलीत

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री आणि मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : गरोदर माता व किशोरींच्या लोहगोळीत बी-12 जीवनसत्त्व नसणे, शाळेच्या थाळीतलं अंडं, कंबरेचं माप आणि जन्माचं वजन याबाबत.

महोदय / महोदया,

जानेवारी 2025 मध्ये एक शासन निर्णय निघाला आणि शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्याचे पैसे राज्याने थांबवले. अंडं द्यायचंच असेल तर शाळा व्यवस्थापन समितीने लोकवर्गणीतून द्यावं, असं त्यात म्हटलं होतं. त्यावर वर्तमानपत्रांत वाद झाले ते नेहमीचेच : अंडं सात्त्विक की नाही, कोणाच्या पोराने खावं, कोणाच्या पोराने खाऊ नये. मला त्यात पडायचं नाही. मला विचारायचं आहे ते साखरेबद्दल आणि हृदयाबद्दल. आठ वर्षांच्या पोराच्या थाळीचा हार्ट अटॅकशी काय संबंध, असं आपल्याला वाटेल. तो संबंध शोधून काढण्याचं मोठं काम आपल्याच राज्यात, पुण्यात झालं आहे. जगाने ते वाचलं. आपल्या खात्यांनी वाचलं असेलही, पण उपकेंद्राच्या कपाटात त्याची खूण कुठे दिसत नाही. म्हणून हे पत्र, आणि म्हणूनच ते उघडं.

मी पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात आरोग्य सेविका म्हणून नोकरी करून निवृत्त झाले. गरोदर मातांची नोंदणी, लसीकरण, बाळांची वजनं, घरोघरी गोळ्या पोचवणं, हे सगळं आयुष्यभर केलं. लोहाची लाल गोळी खाल्ली की मळमळतं आणि शी काळी होते म्हणून बायका ती डब्याच्या तळाशी ठेवून द्यायच्या. त्यांना समजावण्यात माझी किती दुपार गेली असेल ते मलाच माहीत. गोळीच्या विरोधात मी नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा धाकटा भाऊ बारीक अंगाचा होता. गावात अशा माणसाला काटक म्हणतात. पोत्याला हात लावला की पोतं उचललं गेलंच पाहिजे असा. एका शिबिरात त्याचं वजन आणि उंची घेतली, आकडा काढला, बावीसच्या आसपास आला. ‘एकदम फिट आहात, पुढे चला.’ साखर तपासली नाही, कारण जाड माणसांची रांग वेगळी होती. पुढे पन्नाशीच्या आतच त्याला झटका आला, तेव्हा दवाखान्यात कळलं की रक्तात साखर तीनशेच्या वर आहे, आणि ती काल-परवाची नव्हती. तो गेला. शिबिर कोणाचं होतं ते इथे लिहीत नाही, कारण ती चूक कुठल्याही शिबिरात झाली असती. आमच्याकडे अजून असंच धरून चालतात की साखर हा खात्यापित्या घरचा आजार.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या मधुमेह विभागाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी हा समज मोडून काढला. बाह्यरुग्ण विभागात त्यांच्यासमोर येणारे मधुमेही पाश्चात्त्य पुस्तकांतल्यासारखे नव्हते. वयाने लहान असत आणि दिसायला बारीक असत. 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा एक छोटा लेख आला. त्यात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या दोन डॉक्टरांचा फोटो आहे : एक स्वतः याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे वजन आणि उंचीवरून काढतात तो आकडा, अगदी सारखा, 22.3. अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. वजनकाट्यावर दोघे एकच आहेत. माझी भाची औषधशास्त्र शिकलेली आहे, तिने मला हा फोटो दाखवला तेव्हा मी तो बराच वेळ पाहत बसले. माझ्या भावाचा आकडाही तोच होता ना, बावीस आणि वर काही.

ही चरबी येते कुठून? आपण भात-पोळी जास्त खातो, बसून राहतो, हे खरंच आहे. पण याज्ञिक आणि त्यांचे सहकारी आणखी मागे गेले. इंग्लंडमधल्या डेव्हिड बार्कर यांनी दाखवून दिलं होतं की जन्मतः वजन कमी असलेल्या माणसांत पुढे हृदयविकाराचे मृत्यू जास्त होतात. तो धागा धरून 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत एक अभ्यास सुरू झाला. लग्न झालेल्या, अजून दिवस न गेलेल्या बायकांपासून सुरुवात. दिवस गेल्यावर त्या काय खातात, किती राबतात, रक्तात काय आहे, पोटातलं बाळ किती वाढतंय, सगळं नोंदवलं. या आया उंचीला बुटक्या, वजन बेचाळीस किलोच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी 2.7 किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची बाळं साडेतीन किलोची.

आता खरी गंमत पाहा. आपलं बाळ सगळीकडून लहान होतं. पोटाचा घेर लहान, दंड बारीक, मांस कमी. पण खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमटीत धरून मोजली, तर तिथली चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळाइतकी. नाळेच्या रक्तात इन्सुलिनही जास्त. म्हणजे पोटात असताना अन्न तुटपुंजं पडलं तेव्हा शरीराने मांसाला, लिव्हरला, स्वादुपिंडाला कात्री लावली आणि चरबी तेवढी राखून ठेवली. हजारो बाळं या हातांनी झोळीत घालून काट्याला लटकवली आहेत मी. 2.4 भरलं की कार्डावर खूण करायची, 2.6 भरलं की सुटलो बाबा म्हणायचं. काटा फक्त वजन सांगतो, ते कशाचं हे सांगत नाही.

ही बाळं तिथेच सोडली नाहीत. सहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी, अठराव्या वर्षी पुन्हा पुन्हा बोलावून तपासली. अठराव्या वर्षी मुलांपैकी 37 टक्क्यांची आणि मुलींपैकी 18 टक्क्यांची साखर ठीक असायला हवी त्यापेक्षा वर होती. खेड्यातली, एकूणात सडपातळ पोरं. आणि ज्यांची अठराव्या वर्षी वाढली होती त्यांची सहाव्या वर्षीच थोडी वरच्या बाजूला होती.

त्याआधी पुणे शहरात केईएममध्येच जन्मलेल्या मुलांवर वेगळं काम झालं होतं. आठव्या वर्षी सगळ्यात वाईट स्थिती कोणाची निघाली? जन्मतः लहान, पण आठव्या वर्षापर्यंत चांगली गुबगुबीत झालेल्या मुलांची. आमच्याकडे सासू बाळाला दाबून भरवते, कारण सुनेने ‘काडी’ जन्माला घातलेली असते आणि आता चार लोकांत बाळसं दिसलं पाहिजे. या सासवांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांना हे कोणी सांगितलंच नाही, आणि सांगण्याचं काम आपल्या खात्याचं.

याचा पसारा किती मोठा आहे ते 2023 साली आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीने सांगितलं : मधुमेही 10.1 कोटी, मधुमेहाच्या उंबरठ्यावर 13.6 कोटी. दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला हार्ट अटॅक येतो तो सरासरी 53 व्या वर्षी, बाकी जगात 59 च्या आसपास, हे ‘इंटरहार्ट’ या मोठ्या अभ्यासात दिसलं. सहा वर्षं म्हणजे पोरीचं लग्न व्हायचं राहिलेलं असतं, कर्ज फिटायचं राहिलेलं असतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी, गोळीची.

गरोदर बाईला आपण रोज जी गोळी देतो तीत 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड असतं. शाळेतल्या मुलींना आठवड्यातून एकदा मिळते तीतही हेच. बी-12 शून्य. आता पुण्याच्या त्या सहा गावांतल्या गरोदर बायांच्या रक्तात काय सापडलं होतं ते वाचा. दोन-तृतीयांश बायांमध्ये बी-12 कमी. आणि तांबड्या पेशींतलं फोलेट (फॉलिक गोळीतून मिळतं तेच जीवनसत्त्व) कमी असलेली बाई किती? एक. फक्त एक. ज्याची टंचाई नव्हती ते आपण भरभरून देतोय आणि ज्याची टंचाई होती त्याचं नाव नाही. आणि हे काही खेड्यापुरतं नाही. याज्ञिकांच्या गटाने 2006 साली पुणे जिल्ह्यातल्या 441 पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली : खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय. 67 टक्क्यांचं बी-12 कमी. मध्यमवर्गीयांत तर 81 टक्के. पैसा असून ही गत, कारण बी-12 येतं ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून. भाजी-भाकरीतून ते येत नाही, कितीही चांगली भाजी असली तरी.

फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 ही एका जुवाची बैलजोडी आहे. एकाला खुराक आणि दुसरा उपाशी ठेवला तर नांगर सरळ चालत नाही. पेशी वाढताना, जनुकांवरच्या खुणा ठरताना शरीराला ही दोन्ही लागतात. 2008 साली त्या सहा गावांतल्या मुलांची सहाव्या वर्षाची तपासणी छापून आली. ज्या आयांचं गरोदरपणी फोलेट जास्त आणि बी-12 कमी होतं, त्यांच्याच मुलांत इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त निघालं. इन्सुलिनला शरीर दाद देईनासं झालं की पुढे साखर, रक्तदाब, हृदय हे सगळं ओळीने येतं.

इथे कोणी अधिकारी म्हणेल, बाई, एकत्र दिसलं म्हणजे कारण ठरलं का? बरोबर आहे, नाही ठरलं. आईला बी-12 दिलं की पोराचा मधुमेह टळतो, हे अजून सिद्ध झालेलं नाही आणि मीही तसं म्हणत नाही. रक्तातलं होमोसिस्टीन (बी-12 आणि फोलेट कमी पडलं की वाढणारा घटक) जीवनसत्त्वं देऊन खाली आणलं तरी मोठ्या माणसांचे हार्ट अटॅक कमी झाले नाहीत, हेही मोठ्या चाचण्यांत दिसलं आहे. (त्यामुळे पन्नाशीला आलेल्या ज्या गृहस्थांनी दर महिन्याला बी-12 चं लाल इंजेक्शन टोचून घ्यायचा सपाटा लावला आहे, त्यांनी हृदयासाठी म्हणून तो लावू नये.) पण गरोदर बाईला आणि किशोरीला बी-12 कमी आहे, ते तिला लागतं, ते स्वस्त आहे आणि त्याने अपाय नाही, एवढ्याला कुठला पुरावा अपुरा पडतोय? त्याच सहा गावांत, तीच बाळं मोठी झाल्यावर, 2012 पासून त्यांना रोज अवघं 2 मायक्रोग्रॅम बी-12 देऊन पाहिलं गेलं. पुढे त्यांना झालेल्या मुलांची दोन वर्षांची असताना परीक्षा घेतली, तर बी-12 मिळालेल्या आयांची मुलं समजण्यात आणि बोलण्यात पुढे निघाली. अभ्यास लहान आहे, हे कबूल. मग मोठा कोणी करायचा? आमच्या ग्रामपंचायतीने?

आणखी एक जुनी, पुस्तकातली गोष्ट. बी-12 कमी असताना नुसतं फॉलिक अ‍ॅसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालू राहतं. हे डॉक्टरकीच्या कुठल्याही विद्यार्थ्याला ठाऊक असतं. हिमोग्लोबिन नऊचं अकरा झालं की आमच्या रजिस्टरात ती बाई ‘सुधारली’. हातापायाला मुंग्या येतात म्हणून ती पुन्हा आली तर तिच्यासाठी रकाना नाही.

गोळीत काय घालायचं ते दिल्लीत ठरतं, हे मी जाणते. गोळीचा रंगसुद्धा तिकडून ठरून येतो. पण राज्याला शिफारस पाठवायला कोणी अडवलेलं नाही. ज्या राज्यातल्या बायकांच्या रक्तातून हे कळलं त्या राज्याने पहिलं पत्र लिहायला हवं होतं.

दुसरी, अंड्याची.

याच्या उत्तरात आपल्याकडून काय येईल ते मला माहीत आहे : शाळेत आता फोर्टिफाइड, म्हणजे जीवनसत्त्वं घातलेले दाणे मिसळलेला तांदूळ येतो आणि त्यात बी-12 असतं. असतं ना. नियमाप्रमाणे एका किलोत 0.75 ते 1.25 मायक्रोग्रॅम. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ. म्हणजे थाळीत आलं 0.1 मायक्रोग्रॅम. गरज दिवसाला दोनच्या आसपास. हिशेब आपणच करा. शिवाय तो मिसळलेला दाणा जरा वेगळा दिसतो, म्हणून ‘प्लॅस्टिकचा तांदूळ’ अशी अफवा गावोगाव आहे आणि बायका सुपात घेऊन नेमके तेच दाणे वेचून कोंबड्यांना टाकतात. मग त्या कोंबडीचं अंडं तरी पोराला मिळावं, ते बाजाराला जातं.

एका अंड्यात साधारण अर्धा मायक्रोग्रॅम बी-12 असतं. आठवड्याला एक अंडं म्हणजे गरजेच्या मानाने काहीच नाही, हे मीच सांगते. पण खिचडी, वरण-भात, उसळ या थाळीत बी-12 यायची ती जवळजवळ एकच वाट होती. वाट अरुंद होती तर रुंद करायची, की बंद करायची? लोकवर्गणीतून करा म्हणता, तर लोकवर्गणी कुठे निघते? जिथे ऊस आहे, द्राक्षं आहेत, तिथे. डोंगरकडेच्या वाडीवर शाळा व्यवस्थापन समितीत बसलेल्या बाया स्वतः रोजंदारीवर जातात. जो अंडं खात नाही त्याला आधी केळं देत होता, तो मार्ग होता. पण केळ्यात बी-12 नाही. त्या मुलाला दूध किंवा दही दिलं पाहिजे. तेव्हा अंडं विरुद्ध केळं हे भांडणच चुकीच्या जागी लागलं होतं.

आदिवासी भागात गरोदर मातांना अमृत आहार योजनेत एक वेळ पूर्ण जेवण मिळतं, तिथल्या लहान मुलांना अंडी मिळतात. जेवण 2015 साली आणि मुलांची अंडी त्यानंतर, हे राज्याने स्वतःहून सुरू केलं. म्हणजे जमतं. मनावर घेतलं की जमतं.

तिसरी, कंबरेची. यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण वरून पाहणाऱ्याला हे दिसायचं नाही.

तिशीवरच्या प्रत्येकाचा सी-बॅक फॉर्म, म्हणजे साखर-रक्तदाबासारख्या आजारांचा धोका जोखायचा कागद, आशाताई भरते. वय, तंबाखू, दारू, कंबर, व्यायाम, घरात कोणाला आजार, असे गुण. चारच्या वर गेला तर त्याला तपासणीला आधी पाठवायचं. कागदावर फॉर्म चांगला आहे. बीएमआयपेक्षा कंबर मोजणं आपल्या लोकांसाठी शहाणपणाचंच. आता गावातलं दृश्य पाहा. आशाताई तिशी-पस्तिशीची, गावची सून. समोर चौपन्न वर्षांचा गडी, नात्याने दीर लागणारा, ओट्यावर चार माणसं बसलेली. ती त्याचा शर्ट वर करायला सांगून बेंबीवरून टेप फिरवणार? ती विचारते, ‘भाऊजी, पँटचा नंबर किती?’ तो म्हणतो चौतीस. चौतीस इंच म्हणजे 86 सेंटीमीटर. पुरुषाला 90 पर्यंत शून्य गुण. पण पँट असते पोटाच्या खाली. बेंबीवरून मोजला तर हाच माणूस अडतीस इंच, म्हणजे 96 च्या पुढे, आणि तिथे एक गुण मिळतो. वयाचे दोन, आईला साखर होती त्याचे दोन, झाले चार. चारच्या वर नाही. त्या एका गुणासाठी तो मागे राहिला, आणि तो गुण पँटच्या नंबरात हरवला.

आशाताईला नोटीस काढून हे सुटणार नाही, एवढी माझी विनंती लक्षात ठेवा. पुरुषांची कंबर पुरुष आरोग्य सेवकाने किंवा केंद्रावर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने मोजायची सोय करा. किंवा त्या माणसाच्या हातात टेप द्या आणि स्वतःची स्वतः मोजायला शिकवा. ते सगळ्यात सोपं. टेपही दरवर्षी नवी द्या, जुन्या ताणून लांबलेल्या असतात.

आणि गुणांचा चाळणा लावूच नका. तिशीवरच्या सगळ्यांची तपासणी व्हावी असं त्या फॉर्मच्याच सूचनांत आहे. शिबिराच्या दिवशी साखर तपासायच्या पट्ट्या कमी पडतात म्हणून गुणांप्रमाणे रांग लागते, आणि काटक माणूस त्या रांगेत कायम शेवटी.

चौथी, जन्माच्या वजनाची.

हे सगळं संशोधन उभं आहे ते एका आकड्यावर : बाळ जन्मलं तेव्हा किती किलोचं होतं. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरमध्ये सुइणींनी वह्यांत लिहून ठेवलेली वजनं अनेक दशकांनी सापडली म्हणून बार्करना त्यांचं काम करता आलं. आमच्यासारख्याच बायांनी, आमच्यासारख्याच वह्यांत लिहिलेली. आपल्याकडे काय होतं? पहिलं बाळंतपण माहेरी. वजन माहेरच्या कार्डावर, माहेरच्या उपकेंद्राच्या रजिस्टरात. बाई सव्वा महिन्याने सासरी, कार्ड आईच्या पत्र्याच्या पेटीत. लसीकरणासाठी सासरी नवीन कार्ड, त्यावर वजनाचा रकाना रिकामा किंवा ‘2.5’. हा 2.5 आकडा आमच्या रजिस्टरांत किती वेळा सापडेल ते मोजून पाहा कधीतरी. अडीच लिहिलं की कमी वजनाच्या यादीत जात नाही आणि कोणी प्रश्न विचारत नाही.

आता तर सगळं संगणकावर आहे, आईचा नंबर आहे, बाळाचा नंबर आहे. पण ते बाळ तीस वर्षांचं होऊन सी-बॅक फॉर्म भरेल तेव्हा त्याला कोणी विचारणार नाही की जन्माला किती किलोचा होतास, आणि आईला गरोदरपणी साखर होती का. फॉर्ममध्ये ते प्रश्नच नाहीत. घरात आजार कोणाला, एवढंच आहे.

पाचवी तक्रार छोटी. त्या सहा गावांतल्या अभ्यासात दिसलं की गरोदरपणी पाणी वाहणं, शेतात राबणं जास्त करणाऱ्या बायांची बाळं लहान भरली, आणि पालेभाज्या, फळं, दूध मिळणाऱ्यांची चांगली भरली. आपण भिंतीवर ‘सकस आहार घ्या’ लिहितो. सात महिन्यांच्या बाईच्या डोक्यावरचा हंडा कोणी उतरवायचा, ते भिंतीवर लिहिलेलं नाही.

मागण्या स्पष्ट लिहिते, म्हणजे फाइलवर शेरा मारायला सोपं जाईल.

गरोदर माता आणि किशोरींच्या लोह-फॉलिक गोळीत बी-12 घालावं, अशी लेखी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. ती मंजूर होईपर्यंत निदान दोन जिल्ह्यांत, एक शहरी आणि एक ग्रामीण, बी-12 ची वेगळी गोळी द्यावी आणि जन्मणाऱ्या बाळांचा पाठपुरावा कोणत्या तरी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाकडे सोपवावा. फॉलिक अ‍ॅसिड बंद करा असं कोणीही या पत्राचा अर्थ लावू नये. बाळाच्या मणक्यातले दोष त्याने टळतात, ते हवंच.

शाळेतलं अंडं राज्याच्या पैशातून पुन्हा द्यावं, आठवड्यातून एकाऐवजी निदान तीनदा. अंडं न खाणाऱ्याला तेवढ्याच वेळा दूध किंवा दही.

पुरुषांच्या कंबरेचं माप टेपने, बेंबीवरून. पँटचा नंबर चालणार नाही असं परिपत्रकात याच शब्दांत लिहा, म्हणजे खालपर्यंत कळेल. तिशीवरच्या प्रत्येकाची साखर आणि रक्तदाब, गुण काहीही असोत. आई-वडिलांपैकी कोणाला साखर असेल किंवा जन्माचं वजन अडीच किलोच्या आत असेल, तर विशीपासूनच.

जन्माचं वजन ग्रॅममध्ये, डिजिटल काट्यावर, जन्मल्याबरोबर. ते बाळाच्या आरोग्य ओळख क्रमांकाला जोडावं आणि सासर-माहेर करताना हरवू नये. सी-बॅक फॉर्ममध्ये दोन ओळी वाढवाव्यात : जन्माचं वजन, आणि आईला गरोदरपणी साखर होती का.

जन्मतः लहान असलेल्या बाळाला जबरदस्तीने गुबगुबीत करू नका, हा एक संदेश अंगणवाडी ताईंच्या प्रशिक्षणात घाला. सासवांच्या बैठकीत तो कसा सांगायचा, हे शिकवायला मी येईन. मानधन नको, एसटीचं भाडं द्या.

पैशाचं कारण द्याल म्हणून एवढंच लिहिते : अंड्यावर वर्षाला पन्नास कोटींच्या आसपास खर्च येतो असं तेव्हा छापून आलं होतं. एका बायपासला किती लागतात आणि आपल्या विमा योजनेतून वर्षाला किती बायपास होतात, हा आकडा आपल्या खात्याकडे आहे, माझ्याकडे नाही. दोन्ही आकडे एका कागदावर मांडून विधानसभेत ठेवावेत, ही शेवटची मागणी.

पुढच्या अधिवेशनापर्यंत उत्तराची वाट पाहीन. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात पहिला अर्ज अडीच किलोच्या त्या आकड्याबद्दल असेल.

कळावे,

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
पुणे जिल्हा

प्रत माहितीसाठी व कार्यवाहीसाठी :
सर्व जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी
सर्व जिल्हा आरोग्य अधिकारी
राज्यातल्या सर्व आशाताई आणि गटप्रवर्तक (यांनी वाचून चुका असतील तर कळवाव्यात)